एमिनेबाईंची बॅग

जर्मनीहून परत आल्यापासून लोक मला दोनच प्रश्न विचारतात. थंडी किती होती, आणि खाण्याचे हाल झाले का? एप्रिलच्या शेवटी साध्या स्वेटरवर भागतं. खाण्याचे हाल झाले नाहीत, उलट वजन वाढलं. एवढं ऐकून सगळ्यांना सहल झकास झाली असं वाटतं. आमच्या महिला मंडळात मला अनुभव सांगायला बोलावलं तेव्हा मी राजवाडे आणि तळी सांगितली, फोटो दाखवले आणि टाळ्या घेऊन घरी आले. बर्लिनमध्ये माझ्या हातून जे झालं त्याचा एक शब्दही मी तिथे काढला नाही. ते इथे लिहिते.

आधी माझ्याविषयी. मी नाशिकला वधू-वर सूचक केंद्र चालवते. बरीच वर्षं चालवते आणि चांगलं चालतं. या कामात समोरच्याची माहिती गोड बोलून, पण पुरती काढून घ्यावी लागते. घर स्वतःचं की भाड्याचं, हातात पगार किती, बरोबरीची भावंडं कुठवर पोचली, गावाकडे काय आहे आणि त्यात वाटेकरी कोण. आपल्याकडे याचा कुणाला राग येत नाही. न विचारलं तर मात्र लोकांना वाटतं, या बाईला आपल्यात रस नाही. प्रत्येक बायोडेटात ‘समाधानी कुटुंब’ असं लिहिलेलं असतं. ते मी वाचतसुद्धा नाही. दोन प्रश्न जास्तीचे विचारले की वरचा रंग निघतो आणि खाली काय आहे ते दिसतं. या कसबाचा मला अभिमान होता.

बर्लिन, पहिले दिवस

मृण्मयी माझ्या ताईची मुलगी. बर्लिनला पीएच.डी. करते आणि एका खोलीच्या घरात राहते. आमच्या ह्यांचे गुडघे विमानात बसण्याच्या लायकीचे उरले नाहीत, म्हणून मी एकटीच गेले.

पहिल्याच दिवशी मी ओरडा खाल्ला. तिथे फुटपाथला लागून लालसर फरशीचा एक पट्टा असतो, तो सायकलींचा. मी त्यावर उभी राहून चेस्टनटच्या झाडांचा फोटो काढत होते. मागून जोरात घंटी वाजली आणि माझ्याच वयाची एक बाई सायकल न थांबवता काहीतरी बोलून निघून गेली.

“काय म्हणाली?”

“सांगण्यासारखं नाही, मावशी,” मृण्मयी म्हणाली.

आमच्याकडे भांडायचं असेल तर माणूस गाडी बाजूला लावतो. इथे भांडणही जाता जाता उरकतात.

संध्याकाळी मी तिला अभ्यासाचा विषय नीट विचारून घेतला, कारण ताईलाही तो अजून कळलेला नाही. तुर्कस्तानातून इथे कामाला आलेल्या लोकांची कमाई, आणि ते आपल्या आयुष्यावर किती समाधानी आहेत, असा विषय.

“कमाई वाढली की समाधान वाढणार,” मी म्हटलं. “त्यात शोधायचं काय?”

“थोडं वाढतं. पण पुढे ते माणूस कुणाकडे बघून स्वतःला मोजतो त्यावर जातं. गावात राहिलेल्या भावाकडे बघितलं तर एक उत्तर येतं, शेजारच्या जर्मन माणसाकडे बघितलं तर दुसरंच.”

“मग तेच विचारायचं ना सरळ. कुणाकडे बघता म्हणून.”

“तेच तर विचारायचं नसतं. आपण नाव घेतलं की माणूस तिकडे बघायला लागतो.”

हे तिने मला आधीच सांगितलं होतं. नंतर मला ऐकलंच नव्हतं असं म्हणायची सोय राहिली नाही.

नॉयकोल्न

मृण्मयी ज्यांच्याशी बोलते त्यांच्यात एक एमिनेबाई होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, विधवा, नॉयकोल्न भागात राहणाऱ्या. नवऱ्यामागोमाग तरुणपणी बर्लिनला आल्या आणि उमेदीची सगळी वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग करण्यात गेली. त्यांची मुलाखत अर्धी राहिली होती. मावशी येणार म्हटल्यावर त्यांनी मृण्मयीला बजावलं होतं की मावशीशिवाय आलीस तर दार उघडणार नाही.

त्यांच्याकडेही मावशी आणि आत्या हे वेगळे शब्द आहेत. आईच्या बहिणीला तेय्झे म्हणतात, वडिलांच्या बहिणीला हाला. जर्मन माणसाला दोघींसाठी एकच शब्द पुरतो. हे कळल्यावर मला त्या बाई भेटायच्या आधीच जवळच्या वाटायला लागल्या.

तिसऱ्या मजल्यावर दाराबाहेर चपलांची रांग होती, अगदी आपल्यासारखी. दार सेव्गीने, त्यांच्या मुलीने उघडलं. ती औषधाच्या दुकानात काम करते आणि कामावरच निघाली होती. आम्हाला घरात घालायच्या सपाता काढून देऊन ती गेली. मागून एमिनेबाई आल्या. ठेंगण्या, भरलेल्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात खणखणणाऱ्या सोन्याच्या बांगड्या. दोन्ही गालांना गाल लावून झाल्यावर त्यांनी एक बाटली उचलली आणि खूण केली, हात पुढे कर. मी उजवा तळहात खोलगट करून पुढे केला. त्यात लिंबाच्या वासाचं पाणी पडलं आणि मी ते सरळ तोंडाकडे नेलं.

“मावशी, नाही!” मृण्मयी किंचाळली.

ते कोलोन होतं. पाहुण्याने हाताला चोळायचं. मी तीर्थ समजून पिणार होते. एमिनेबाई भिंतीला धरून हसल्या, मी हसले, आणि तिथेच आमची ओळख पक्की झाली.

बैठकीच्या दाराशी एक भली मोठी बॅग उघडी ठेवलेली होती. दर वर्षी मे महिन्यात त्या कायसेरीजवळच्या आपल्या गावी जातात आणि सप्टेंबरला परततात. बॅग मात्र मार्चपासून भरत असते. कॉफीची पाकिटं जावेला, हाताला लावायचं क्रीम जावेच्या सुनेला, ड्रिल मशीन पुतण्याला, चॉकलेटं गल्लीतल्या पोरांना. एकेक वस्तू उचलून त्यांनी मला ती कुणाची ते सांगितलं. त्या निघतात त्या दिवशी इमारतीतल्या सगळ्या तुर्की बायका खाली रस्त्यावर उतरतात आणि गाडी हलली की तिच्या मागे भांडंभर पाणी ओततात. पाण्यासारखी वाहत जा, पाण्यासारखी परत ये, असा त्याचा अर्थ.

मृण्मयीने आपलं काम उरकून घेतलं. बाईंचं जर्मन कारखान्यात शिकलेलं, मृण्मयीचं विद्यापीठातलं, आणि दोघींमध्ये पेरलेले थोडे तुर्की शब्द. मला ती मधून मधून मराठीत सांगत होती. शेवटचा प्रश्न असा की, सगळं मिळून विचार केला तर शून्य ते दहामध्ये आयुष्यावर किती समाधानी आहात?

“नऊ,” एमिनेबाई लगेच म्हणाल्या. “दहावा अल्लाकडे ठेवलाय. लोभ नको.”

मृण्मयीने लॅपटॉप मिटला. मग जेवण आलं. द्राक्षाच्या पानात भात भरून केलेल्या बोटभर गुंडाळ्या, त्यात पुदिना आणि बेदाणे. माझ्यासाठी मुद्दाम बिनमांसाच्या. आमच्या नाशकात द्राक्षांचे एवढे मळे आहेत, पण त्याचं पान खातात हे माझ्या गावी नव्हतं. अळूवडीची चुलत बहीण म्हणा. सोबत दही, आणि कंबर बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातून काळा चहा.

खाता खाता एमिनेबाईंनी सुरुवात केली, हे मी आवर्जून सांगते. माझं घर स्वतःचं का, नवरा काय करत होता, पेन्शन मिळते का, मुलगा किती कमावतो, सून कशी आहे? मी सगळं सांगितलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी माणसासारखं विचारत होतं. मग माझी पाळी आली.

“गावाकडचं घर दाखवा ना.”

त्यांनी फोनमधले फोटो उघडले. दुमजली घर, फिकट गुलाबी रंग, बाल्कनीला लोखंडी नक्षी, पुढे जर्दाळूचं झाड. ते एकदम बांधलेलं नव्हतं. एका वर्षीच्या पगारातून पाया, एका वर्षीच्या बोनसमधून खिडक्या, नवरा आजारी पडायच्या आधी संगमरवरी जिना. त्या जिन्याचेच फोटो कितीतरी होते.

“तिथे राहतं कोण?”

“उन्हाळ्यात मी. बाकी बंद. किल्ली दिराकडे.”

“आणि हे घर?”

“भाड्याचं.”

“इतकी वर्षं भाड्याचंच?”

मृण्मयीने हे भाषांतर करताना काहीतरी गाळलं, कारण तिचं वाक्य माझ्यापेक्षा आखूड झालं.

“कारखान्यात तुमच्या शेजारी कोण उभं असायचं?” मी विचारलं.

त्यांचा चेहरा फुलला. इंगे. इंगेनेच त्यांना जर्मन शिकवलं, त्यातही आधी शिव्या. दोघी मुकादमाच्या नकला करायच्या. सेव्गी जन्मली तेव्हा इंगेने लोकरीचा सेट विणून दिला.

“कुठे असते ती आता?”

“शहराबाहेर. घर आहे. मागे बाग, चेरीची झाडं.”

“स्वतःचं?”

“स्वतःचं.”

“तुमचा दोघींचा पगार सारखाच होता?”

मृण्मयीने हे भाषांतर केलं नाही. मराठीत, आवाज खाली आणून म्हणाली, “मावशी, हे मी विचारणार नाहीये.”

“अगं, बघ त्या हसतायत. त्यांना मजा येतेय.”

“काय म्हणते ती?” एमिनेबाईंनी तिच्या गुडघ्यावर चापट मारली. “सांग, सांग.”

तिला सांगावं लागलं.

“सारखाच,” बाई म्हणाल्या. “एकच टेबल, एकच पगार.”

“म्हणजे तिचं इथे घर झालं आणि तुमचं झालं नाही.”

“माझं तिथे झालं ना.” त्यांनी फोनवर बोट ठेवलं.

“पण तुमच्यानंतर तिथे जाणार कोण? सेव्गी जाईल?”

“तिला तिथे करमत नाही.”

“नातवंडं?”

“त्यांना माझं तुर्की कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देतात. गावात कुणाशी बोलणार ती?”

“मग घर कुणासाठी बांधलं?”

मी हे टोमणा म्हणून विचारलं नाही. मुलाकडच्या लोकांना मी अगदी याच सुरात विचारते, की मुलगा पुण्यालाच राहणार तर नाशिकचा बंगला कुणासाठी? त्यावर ते हसतात, हात उडवतात आणि मग खरी माहिती देतात. मृण्मयीने ते चार शब्दांत विचारलं. एमिनेबाई हसल्या नाहीत. त्यांनी सोफ्याच्या हातावरचा क्रोशाचा रुमाल सरळ केला, मग दुसऱ्या हातावरचाही केला.

“गेनाऊ,” त्या म्हणाल्या. हा शब्द मी तोवर शंभरदा ऐकला होता. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ.

इथे तरी मी थांबायला हवं होतं. मी सल्ला दिला. विकून टाका, अजून हातपाय चालतायत तोवर. दिराशी बोला, तोच घेईल. त्या पैशात इथे लहानसं काहीतरी बघा, मुलीच्या जवळ. बाई माझ्याकडे नीट लक्ष देऊन बघत होत्या, आमच्या केंद्रात येणारी माणसं बघतात तशा. मला ते आवडलं.

निघताना त्यांनी उरलेल्या गुंडाळ्या निळ्या फुलांच्या एका ताटलीत घालून दिल्या. आम्ही सपाता काढत होतो तेव्हा त्या मृण्मयीला म्हणाल्या, “मुली, ते नऊ लिहिलंस ना? पाच कर.”

कालव्याकाठी, आणि तळ्यावर

जमिनीखालच्या गाडीत आम्हाला बसायला जागा मिळाली. मीच म्हटलं, “बघ, एका दुपारात तुला खरं उत्तर काढून दिलं.”

“मावशी, नऊ पण खरंच होतं.”

दमली असेल, असं मला वाटलं.

पुढचे दिवस मी मजेत घालवले, हे लपवत नाही. कालव्याच्या काठावर तुर्की बाजार भरतो तिथे मी दोनदा गेले. बाजार सुटायच्या सुमाराला विक्रेते ओरडून भाव पाडतात. मी खुणांनी घासाघीस करून पेटीभर टोमॅटो घेतले आणि मग ते घरी वाहून आणताना पिशवी फाटली. जिन्यावर घरंगळलेले टोमॅटो गोळा करायला वरच्या मजल्यावरचा एक जर्मन म्हातारा आला. त्याने प्रत्येक टोमॅटो पुसून दिला, पण कुठून आलात एवढंही विचारलं नाही. चांगुलपणा पुरेपूर आणि चौकशी शून्य. आमच्याकडे उलटं असतं.

वानझेच्या तळ्याकाठी पांढरा अ‍ॅस्परॅगस, म्हणजे शतावरीचे कोंब, खाल्ला. या दिवसांत सगळा देश त्याच्यामागे वेडा असतो. उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेतून शेवगा काढून घेतल्यावर जे उरेल तशी चव. तळं मात्र सुंदर होतं. पाण्यावर पांढरी शिडं, काठावर नुकती पालवी फुटलेली झाडं, आणि इतकी माणसं असून इतकी शांतता की आपलाच श्वास मोठा वाटावा.

एमिनेबाईंची ताटली मृण्मयीच्या ओट्यावर धुऊन पालथी घातलेली होती. ती रिकामी परत करायची नाही, हे त्यांच्याकडेही आहे. तिच्यातून काय न्यावं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

टेम्पलहोफ

मग सेव्गीने मृण्मयीला फोन केला. तुझ्या मावशीला भेटायचंय, घरी नको, बाहेर.

टेम्पलहोफ हा पूर्वीचा विमानतळ. आता तिथे विमानं नाहीत, धावपट्ट्या तशाच ठेवून लोकांना मोकळं सोडलंय. क्षितिजापर्यंत गवत, वरती पतंग, सायकली, मुलं. संक्रांतीला येवल्यात गच्च्यांवर असते तशी गर्दी, फक्त आरडाओरडा काढून घेतलेली. सेव्गी एका बाकावर बसली होती. तिला इंग्रजी छान येतं, त्यामुळे आमच्यात भाषांतराला कुणी लागलं नाही.

“तेय्झे, आईने बॅग रिकामी केली,” ती म्हणाली.

मला क्षणभर कळलं नाही. तिने सांगितलं. आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी एमिनेबाईंनी गावी दिराला फोन करून घर विकायचं काढलं. दीर म्हणाला, या गावात ते कोण घेणार? आणि वहिनी, सरळ सांग ना, आमच्याशी संबंध तोडायचाय म्हणून. त्यावर या काही बोलल्या, त्यावर तो काही बोलला. आता जाऊबाई फोन उचलत नाहीत. तिकीट रद्द करायला सांगितलंय. बाई दिवसभर स्वयंपाकघरात खिडकीशी बसतात.

सेव्गी म्हणाली, “आईचा सगळा हिवाळा त्या बॅगेवर निघतो. नोव्हेंबरपासून ती यादी पाठ म्हणते. कुणाला काय न्यायचं.”

“पण मी जे विचारलं ते...” मी म्हटलं. “आज ना उद्या तो प्रश्न यायचाच होता ना?”

“तुम्हाला वाटतं आम्हाला तो सुचला नव्हता?” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “त्या घरात पुढे कुणी राहणार नाही, हे मला माहीत आहे. काकांना माहीत आहे. बाबा जिना बांधत होते तेव्हा त्यांनाही माहीत होतं. आम्ही सगळे ते विचारत नव्हतो. मुद्दाम विचारत नव्हतो.”

“कधीतरी विषय काढावा लागतोच.”

“का?”

तिने खरंच विचारलं होतं. ती उत्तराची वाट बघत होती. समोर एका बापाचा पतंग गवतात पडला आणि त्याने तो उचलून परत उडवला. दुसऱ्यांना प्रश्न विचारून पोट भरणारी मी, मला एका शब्दाच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही. सेव्गीने उठताना माझ्या हातावर हात ठेवला आणि परत तेय्झे म्हणाली. तेही नसतं म्हटलं तर चाललं असतं.

घरी येताना मृण्मयी म्हणाली, “ती मुलाखत मी अभ्यासातून काढून टाकतेय. नऊ लिहिलं तर ते आता त्यांचं राहिलं नाही. पाच लिहिलं तर ते तुझं आहे.” आणि थोड्या वेळाने, “मी पण बोललेच ना तुझे शब्द. माझ्याच तोंडाने गेले ते.”

तिचं हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. पोरीला मी माझ्या चुकीत भागीदार करून घेतलं होतं.

पुन्हा तिसरा मजला

रव्याचे लाडू करायचे ठरवले. जर्मन रवा आपल्यासारखा भाजला जात नाही; पहिला घाणा करपला आणि छताला लावलेलं धुराची सूचना देणारं यंत्र केकाटायला लागलं. दुसरे लाडू वळले, पण हात लावला की भुगा. तेच निळ्या ताटलीत रचले. वाटेत मी मृण्मयीकडून ‘मला माफ करा’चं जर्मन वाक्य पाठ करून घेतलं. मराठीत मी ते कुणाला शेवटचं कधी म्हटलं, आठवत नाही. आपल्याकडे चूक झाली की आपण जेवायला बोलावतो किंवा दुसऱ्याच विषयावर फार गोड बोलतो.

दार एमिनेबाईंनीच उघडलं. गाल लावले, कोलोन ओतलं. मी या खेपेला हात चोळले. त्या हसल्या, पण भिंत धरून नाही. बैठकीच्या दाराजवळची जागा मोकळी होती. गालिच्यावर बॅगेच्या आकाराचा दबलेला चौकोन दिसत होता.

मी उभ्याउभ्याच वाक्य म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मृण्मयीला काहीतरी सांगितलं.

“म्हणतायत, माफी कशाची? तू बहिणीसारखं विचारलंस. इंगेने इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही.”

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथल्या फळीवर कॉफीची पाकिटं एकावर एक रचलेली होती, तीच, जावेसाठी घेतलेली. त्यांनी वरचं एक उचललं, कात्रीने कोपरा कापला आणि आमच्यासाठी कॉफी ठेवली.

“नको म्हण,” मी मृण्मयीला कुजबुजले. “चहा चालेल म्हण.”

“मावशी, आता काही बोलू नकोस.”

आम्ही बसलो. त्यांनी लाडू खाल्ला, भुगा बोटाने टिपून टिपून संपवला आणि छान झालाय म्हणाल्या. मी कॉफी छान झालीय म्हटलं. ती खरंच छान होती. तिचा वास खोलीभर पसरला होता आणि कायसेरीजवळच्या एका घरात त्या वासाची वाट बघणारी बाई आता यांचा फोन घेत नव्हती.

मग मी केलेलं निस्तरायला बसले. मी म्हटलं, मी उगाच बोलले, मला तिथलं काही कळत नाही. घर फारच देखणं आहे. तो जिना, ते जर्दाळूचं झाड. तुम्ही जा. दिराची समजूत पटेल. विकायचं वगैरे डोक्यातून काढा. केंद्रात मोडायला आलेली कितीतरी लग्नं मी अशी बोलून जुळवली आहेत. मृण्मयी एकेक वाक्य सांगत गेली. एमिनेबाई मान हलवत होत्या.

“जिना छान आहे,” त्या म्हणाल्या. मग पुढे जे बोलल्या ते मृण्मयीने लगेच सांगितलं नाही. मी तिच्याकडे बघत राहिले तेव्हा सांगितलं.

“म्हणतायत, जाईनही मी. पण आता त्या पायरीवर बसले की मला इंगेची बाग दिसणार.”

बोलण्यासारखं माझ्यापाशी भरपूर होतं, नेहमीच असतं. या वेळी पहिल्यांदा ते तोंडाबाहेर काढायची भीती वाटली.

माझं परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. हे कळल्यावर एमिनेबाई उठल्या, नळाखाली एक जग भरला आणि आमच्या मागोमाग निघाल्या. त्यांचेही गुडघे आमच्या ह्यांच्यासारखेच. मृण्मयीने नको म्हटलं, मी खुणांनी नको म्हटलं. त्या कठड्याला धरून, एकेक पायरी आडवी उतरत तीन मजले खाली आल्या. जगमधलं पाणी त्यांच्या सपातांवर सांडत होतं.

रस्त्यावर त्यांनी आम्हाला पुढे चालायला सांगितलं. आम्ही चालू लागलो. मागे फरशीवर पाणी पडल्याचा आवाज आला आणि त्याबरोबर सायकलची घंटी. त्या लाल पट्ट्यावरच उभ्या होत्या. सायकलवाला ओरडून गेला. एमिनेबाईंनी त्याला कारखान्यातलं काहीतरी खणखणीत उत्तर दिलं आणि आम्हाला हात केला. मी वळून बघितलं तेव्हा त्या रिकामा जग छातीशी धरून उभ्या होत्या.

नाशिक

मे संपला, जून अर्धा झाला. मी मृण्मयीला फोन केला तो एकच गोष्ट विचारायला, पण ती मला विचारता येईना. हवा विचारली, जेवण विचारलं, ताईला फोन करतेस का विचारलं. तिला कळलं असावं. तीच म्हणाली, “नाही गेल्या, मावशी. बॅग कपाटाच्या वर टाकलीय.”

गेल्या वर्षी त्या निघाल्या तेव्हा खाली बायकांची रांग होती, आणि इतकं पाणी ओतलं की गाडीवाला चिडला होता, असं त्यांनीच मला पहिल्या दिवशी हसत हसत सांगितलं होतं. या वर्षी त्या घरातून पाणी एकदाच खाली आलं, आणि ते माझ्या मागे ओतलं गेलं.